चितगांवचा ढुली : विनयबांशी जलदास

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आमच्या कॉलेजांत एका जयंतीच्या निमित्तानें पोवाड्यांचा कार्यक्रम ठरला आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं अध्यक्षांचें नांव घातलें, शाहिरांचें घातलें, पोवाडे रचणारांचीं नांवें घातलीं, आभार कोण मानणार तेंहि घातलें. आणि शेवटीं 'साथीस ढोलकी, डफ व तुणतुणें' असें लिहून मोकळा झालों. कार्यक्रम रंगला. शाहिरांचा आवाज त्या दिवशीं बसलेला होता आणि दोन वेळां त्यांना पुढचा चरण आठवेना. त्या दोन्ही वेळीं ढोलकीवाल्यानें असा कांहीं तोडा घेतला कीं, सभागृहानें टाळ्या दिल्या. शाहिरांची अडचण पुढच्या रांगेंतील आम्हां चार-दोन जणांखेरीज कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. घरीं परतल्यावर ती पत्रिका पुन्हां हातीं आली, तेव्हां माझ्या लक्षांत आलें कीं, ज्यानें सभेची लाज राखली तो मनुष्य माझ्या मजकुरांत एक वाद्य होऊन बसला होता.

या पत्रिकेची आठवण पुढें तीव्रतेनें झाली ती बंगालमधील कविगानाविषयीं वाचीत असतां. चितगांवचे विख्यात कवियाल रमेश शील यांच्यासंबंधीं जें जें हातीं आलें, त्यांत एक नांव कडेकडेनें पुनःपुन्हां येत होतें : ढोलावर, विनयबांशी जलदास. कवीविषयीं पानेंच्या पानें आणि ढुलीविषयीं एखादें वाक्य, असें तें प्रमाण होतें. बंगालींत ढोल वाजविणाराला 'ढुली' म्हणतात. सुमारें पस्तीस वर्षें जो मनुष्य एका कवीच्या पाठीशीं उभा राहिला, त्याला साहित्याच्या इतिहासानें एवढीच जागा द्यावी हें योग्य कीं अयोग्य, या प्रश्नाचा विचार या लेखांत करावयाचा आहे. प्रश्न बंगालचा आहे. पण तो विचारतांना माझ्या टेबलावर ती पत्रिकाहि पडलेली आहे, हें वाचकांनीं विसरूं नये.

प्रथम चरित्र. तें थोडक्यांत सांगण्याजोगेंच आहे. चितगांव शहरापासून कर्णफुली नदी ओलांडून पलीकडे गेलें म्हणजे बोआलखालीचा मुलूख लागतो. त्यांतील पूर्व गोमदंडी या गांवीं १९११ सालीं विनयबांशींचा जन्म झाला. लॉर्ड कर्झन यांनीं केलेली बंगालची फाळणी ज्या वर्षाच्या अखेरीस रद्द झाली, तेंच हें वर्ष. 'जलदास' हें आडनांवच जात आणि धंदा दोन्ही सांगतें : नदीसमुद्रावर मासे धरून पोट भरणाऱ्या कोळ्यांचा हा समाज. 'बांशी' म्हणजे बांसरी. नांवांत बांसरी आणि गळ्यांत ढोल असा हा योग होता. पुढें त्यांनीं इंग्रजांचें राज्य पाहिलें, १९४७ ची दुसरी फाळणी पाहिली, पाकिस्तानची राजवट पाहिली, १९७१ चें स्वातंत्र्ययुद्ध आणि बांगलादेशाचा उदयहि पाहिला. राज्यें तीन झालीं, मुलूख मात्र तोच राहिला. २००१ सालीं बांगलादेश सरकारनें त्यांस 'एकुशे पदक' दिलें आणि २००२ सालीं त्यांचा अंत झाला.

ज्यांच्याबरोबर त्यांचें नांव जोडलें गेलें, ते रमेश शील त्याच गोमदंडीचे. त्यांचा जन्म १८७७ चा, म्हणजे ढुलीपेक्षां ते चौतीस वर्षांनीं वडील. जातीनें ते नापित. तरुणपणीं एका फडांत ऐन वेळीं आजारी पडलेल्या कवियालाच्या जागीं ते उभे राहिले आणि तेथूनच त्यांची कीर्ति सुरू झाली, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. १९४८ सालीं कलकत्त्याच्या श्रद्धानंद पार्कांत त्यांचा मोठा सत्कार झाला. १९५४ सालीं पूर्व बंगालमधील लोकांनीं निवडून दिलेलें मंत्रिमंडळ केंद्रानें मोडलें, तेव्हां त्यांना तुरुंगवास घडला. १९६७ मध्यें ते वारले. एक न्हाव्याचा मुलगा आणि एक कोळ्याचा. एकाच्या वांट्याला शब्द आला, दुसऱ्याच्या वांट्याला ढोल. आणि जगानें शब्दाला उचलून घेतलें.

आतां कविगान म्हणजे काय, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आपल्याकडील कलगी-तुऱ्याचे सवालजवाब ज्यांनीं ऐकले आहेत, त्यांना हा प्रकार अगदींच परका वाटणार नाहीं. दोन दल समोरासमोर येतात. प्रत्येकांत एक कवियाल, त्याचें ध्रुपद उचलून धरणारे दोहार, एक ढुली आणि कांसी वाजविणारा एक. रात्र पडली कीं प्रथम ढोल आणि कांसी घुमूं लागतात. त्या आवाजावर गांव गोळा होतो. मग वंदना होते. नंतर पहिला कवियाल एखादी भूमिका घेऊन दुसऱ्यावर प्रश्न टाकतो, त्याला 'चापान' म्हणतात. दुसऱ्यानें तेथल्या तेथें पद्यांत जें उत्तर द्यावयाचें, तें 'उतोर'. असा हा वाद कधीं कधीं रात्रभर चालतो. पूर्वीं विषय पौराणिक असत, किंवा गुरु आणि शिष्य, पुरुष आणि स्त्री, असे सनातन असत. रमेश शील यांनीं आपल्या काळांतील विषय फडावर आणले : शेतकरी आणि सांठेबाज, सावकार आणि ऋणको, युद्ध आणि शांति. कवियालानें कोणती बाजू घ्यावी हें त्याच्या मनावर नसतें. जी वांट्याला येईल ती लढवावी लागते.

या पद्याचें मुख्य वाहन म्हणजे 'पयार' हें वृत्त. चौदा अक्षरांचा चरण, आठव्या अक्षरावर लहान विसांवा, चौदाव्यावर मोठा. आणि दोन दोन चरणांचें यमक. कागदावर हें फार सोपें दिसतें. परंतु समोर हजारों माणसें बसलीं आहेत, प्रतिपक्षी नुकताच बोचरा प्रश्न टाकून हंसत खालीं बसला आहे, आणि आपल्याला याच क्षणीं उत्तर रचावयाचें आहे, अशी कल्पना करून पाहावी. पहिला चरण उच्चारणें अवघड नसतें. अडचण दुसऱ्या चरणाची. तो अर्थानें पहिल्याला पुरा करणारा, यमकानें त्याला मिळणारा आणि शक्य तर प्रतिपक्ष्याला घायाळ करणारा हवा. या दोन चरणांमध्यें जी जागा आहे, तींत कवि विचार करतो. आणि ती जागा ढुलीच्या ताब्यांत असते.

ही गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे 'साथ' हा शब्द किती अपुरा आहे हें कळूं लागतें. पखवाजी ज्या धृपदाला साथ करतो तें धृपद रचलेलें आहे. त्याचा ताल ठरलेला आहे. सम कोठें येणार हें गायक, वादक आणि जाणता श्रोता या तिघांनाहि ठाऊक आहे. कविगानांतील ढुलीला हा आधार नाहीं. जें पद्य अजून जन्माला आलें नाहीं त्याची साथ त्याला करावयाची असते. कवियालाच्या खांद्याची हालचाल, त्याचा श्वास, चरणाच्या शेवटच्या अक्षरावर त्यानें घेतलेला हेलकावा, यांवरून त्याला ओळखावें लागतें कीं, पुढचा चरण तयार आहे कीं नाहीं. तयार असेल तर ढोलानें आडवें येतां कामा नये. एक ठोका देऊन वाट मोकळी करावी. तयार नसेल तर वेळ काढावयाची. पण ती अशी कीं, श्रोत्यांना ती वेळकाढी न वाटतां मेजवानी वाटावी. आणि कवीला सुचलें कीं त्याच क्षणीं हात आंवरावयाचा, मग आपला तोडा कितीहि रंगांत आलेला असो. कवीला यमक सुचलें नाहीं हें श्रोत्यांच्या आधीं ज्याला कळतें आणि श्रोत्यांना जो कळूं देत नाहीं, तो ढुली.

बंगालचा ढोल या कामाला मोठा सोयीचा आहे. लाकडी खोड पोखरून केलेलें त्याचें अंग, दोन्ही तोंडांवर चामडें. गळ्यांत वा खांद्याला अडकवून उभ्यानें वाजविण्याचें हें वाद्य. एका हातांत काठी असते, दुसरा मोकळा असतो. काठीचा आवाज लांब जातो, तो गर्दीसाठीं. मोकळ्या हाताच्या बोटांचा जवळ घुमतो, तो कवीसाठीं. एकाच वाद्यांतून एकाच वेळीं दोन निरनिराळ्या श्रोत्यांशीं बोलतां येतें. शिवाय ढुली उभा असतो, म्हणून त्याला हिंडतां येतें. कवीच्या जवळ जातां येतें, श्रोत्यांकडे वळतां येतें, शरीरानेंहि तोच ठेका धरतां येतो. पस्तीस वर्षें एका कवीच्या डोक्यांत पुढें काय येणार हें त्याच्या श्वासावरून ओळखीत राहणें, ही हाताच्या कसबाची गोष्ट तर आहेच. पण ती त्याहून अधिक बुद्धीची आणि स्वभावाची गोष्ट आहे.

येथें मला एका मोठ्या माणसाच्या मताचा थोडा प्रतिवाद करावासा वाटतो. रवींद्रनाथांच्या 'लोकसाहित्य' (१९०७) या ग्रंथांत 'कविसंगीत' नांवाचा एक निबंध आहे. त्यांत जुन्या कलकत्त्यांतील कवियालांवर त्यांनीं कडक टीका केली आहे. नव्या धनिकांच्या क्षणिक करमणुकीसाठीं हें काव्य झालें, त्यांत खोली नाहीं, अनुप्रासाची हौस मात्र भारी, असा त्या टीकेचा रोख. कागदावरचें काव्य म्हणून पाहिल्यास हा निकाल पुष्कळ अंशीं खरा आहे. परंतु हें काव्य कागदासाठीं नव्हतेंच. आठ अक्षरांत चार वेळां 'क' आला तर वाचणाराला तो खेळ वाटेल. पण त्याच चार 'क'कारांवर काठीचे चार ठोके पडले म्हणजे तोच अनुप्रास ढोलाच्या बोलांत मिसळतो आणि पद्याचा सांगाडा होऊन बसतो. अर्धें काव्य ढोलांत होतें; आपण उरलेलें अर्धें छापलें, वाचलें, आणि तें पोकळ आहे असा निर्णय दिला. जें पोकळ वाटलें तें रिकामें नव्हतें. तेथें दुसरा कोणीतरी उभा होता.

हाच दोष संग्रहाच्या कामांतहि राहिला. कविगानाची उपेक्षाच झाली, असें मात्र कोणी म्हणूं नये. ईश्वरचंद्र गुप्त यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास 'संवाद प्रभाकर' पत्रांतून जुन्या कवियालांचीं चरित्रें आणि गाणीं मोठ्या कष्टानें गोळा केलीं. तीं नसतीं तर हरु ठाकूर, राम बसु हीं नांवें आज कोणाला ठाऊक नसतीं. पुढें दिनेशचंद्र सेन यांनीं 'मैमनसिंह गीतिका' (१९२३) प्रसिद्ध करून पूर्व बंगालची गाथा जगापुढें ठेविली. तीमागें चंद्रकुमार दे यांच्यासारख्या गरीब संग्राहकाची पायपीट होती; चितगांवकडील गीतें आशुतोष चौधुरी यांनीं मिळविलीं. या सर्वांचें ऋण मोठें आहे. पण या सर्वांच्या हातांत लेखणी होती, आणि लेखणीला जें ऐकूं येतें तेंच तिनें टिपलें. शब्द टिपतां आला. ठोका टिपतां आला नाहीं. आणि ज्याचा ठोका टिपतां आला नाहीं, त्याचें नांव टिपण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

तथापि, ठोका टिपण्याची अडचण हें एकच कारण असतें तर या लेखाची गरज पडली नसती. तबल्याचे बोल तरी कागदावर कोठें पुरते उतरतात? पण तबल्याला बंगालमध्यें मान मिळाला. ज्ञानप्रकाश घोष यांच्यासारख्या सुशिक्षित, घरंदाज माणसानें तबला हातांत घेतला, शिष्य घडविले, आणि १९९७ मध्यें त्यांचा अंत झाला तेव्हां एका आचार्याला शोभेल असा त्यांचा लौकिक होता. तो सर्वथा योग्यच होता. खोल हें वाद्य तर चैतन्यांच्या कीर्तनपरंपरेमुळें पवित्रच मानलें गेलें. ढोल आणि ढाक यांच्या वांट्याला हें भाग्य आलें नाहीं. ढाक वाजल्याखेरीज दुर्गापूजा पुरी होत नाहीं. पण ढाक वाजविणारे पिढ्यान् पिढ्या ज्या जातींतून आले, त्या जातींना मंडपाच्या बाहेरची बाजू नेमून दिलेली होती. देवीला आवाज चालतो, हात चालत नाहीं! हें वाचून आपण बंगालकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवच्या जत्रेंत हलगी कोण वाजवितो आणि पंगतींत तो कोठें बसत आला, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं आठवून पाहावें.

म्हणजे ढुलीच्या अज्ञातपणाचीं कारणें दोन आहेत, आणि तीं एकमेकांपासून वेगळीं काढणें हेंच मला टीकाकाराचें खरें काम वाटतें. पहिलें कारण कलेच्या पोटांतील आहे. ढुलीची कर्तबगारी जितकी मोठी, तितकी ती कमी दिसते. कवि अडखळला हें कोणाला कळलें नाहीं, एवढेंच त्याचें यश. आणि जें कोणाला कळलें नाहीं त्याबद्दल टाळी कोण देणार? हा अज्ञातपणा ढुलीनें स्वतः पत्करलेला आहे. तो त्याच्या कलेचा धर्म आहे, आणि तो श्रेष्ठ आहे. दुसरें कारण समाजाच्या पोटांतील आहे. चामड्याला हात लावणारा, मासे धरणारा, लिहितां-वाचतां न येणारा मनुष्य हा नांव विचारण्याजोगा नाहीं, ही आमची जुनी समजूत. हा अज्ञातपणा त्यानें पत्करलेला नाहीं. आपण तो त्याच्यावर लादला.

घोटाळा असा होतो कीं, दुसऱ्या कारणाची लाज झांकण्यासाठीं आपण पहिल्याचा उपयोग करतों. 'त्यांना प्रसिद्धीची हांव नव्हती', 'ते निरपेक्ष सेवक होते', 'लोककलेचे मूक उपासक होते', अशीं वाक्यें अशा माणसांच्या मृत्यूनंतर किती सहज लिहिलीं जातात! विनयबांशींच्या बाबतींत तर त्यांच्या नांवांतच 'विनय' आहे. लेखकाला आयतीच सोय. परंतु फडावर ज्यानें कवीसाठीं स्वतःला मागें ठेविलें, त्यानें फडाबाहेरहि मागेंच राहावें, असा करार कोणी केला होता? नट रंगभूमीवर भिकाऱ्याची भूमिका करतो, म्हणून नाटक संपल्यावर कोणी त्याच्या हातावर पैसा ठेवीत नाहीं. कलेंतील विनय आणि जन्मानें लादलेला कमीपणा या दोन वस्तु एकच आहेत असें मानणें, म्हणजे आपल्या अन्यायाला त्याच्या सद्गुणाचें नांव देणें होय.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचार करण्याजोगा आहे. कोणी म्हणेल : 'कवीच्या शब्दांची परीक्षा करतां येते, कारण ते उरले आहेत. ज्या हजारों रात्रीं हा ढोल वाजला, त्या हवेंत विरल्या. मग त्याच्या कलेचें मोल कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचें? ही टीका नव्हे, ही करुणा आहे.' आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीं. पण तो पूर्णहि नाहीं. कवियालाचें जें काव्य छापलें गेलें, तेंहि त्याच्या रात्रींचा अल्प अंश आहे. फडावर तत्क्षणीं रचलेलें बहुतेक त्या रात्रींबरोबरच गेलें. तरी त्याच्या थोरवीविषयीं आपण शंका घेत नाहीं, कारण गांवोगांवच्या श्रोत्यांनीं ती मानली. तोच पुरावा ढुलीसाठीं कां चालूं नये? आणि दुसरा पुरावा स्वतः रमेश शील यांचा आहे. ज्याचा लौकिक आणि ज्याची भाकरी प्रत्येक रात्रीं पणाला लागते, असा कवि ज्या माणसाला पस्तीस वर्षें आपल्या पाठीशीं ठेवतो, त्याच्याविषयींचें त्याचें मत कोणत्याहि प्रशस्तिपत्रापेक्षां अधिक बोलकें आहे. टीकाकाराला ढोल ऐकतां आला नाहीं हें खरें. पण ढोलानें काय काम केलें याचा हिशेब त्याला मांडतां येतो, आणि तो मांडणें ही करुणा नव्हे.

रमेश शील यांच्या गाण्यांत आणखी एक दालन आहे, त्याचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. चितगांवच्या फटिकछडी भागांत माइजभांडार हें मुसलमान सूफी संतांचें एक प्रसिद्ध स्थान आहे. जन्मानें हिंदु असलेल्या या कवीनें त्या स्थानाच्या भक्तीचीं शेंकडों गाणीं रचलीं आणि तीं तेथें मानानें गायिलीं जातात. ढोलाला तेथेंहि मज्जाव नाहीं. ज्या मुलखांत १९४७ नंतर हिंदूंना राहावें कीं जावें हा प्रश्न रोज पडत होता, त्या मुलखांत एक न्हावी आणि एक कोळी फड गाजवीत राहिले. गाणें ज्या शब्दांत लिहिलें जातें त्या शब्दांवरून त्याचा धर्म ओळखतां येतो. ठोक्यावरून तो ओळखतां येत नाहीं. ढोलाच्या या गुणाकडे आपल्या वाङ्मयचर्चेनें कधीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

महाराष्ट्राचा आणि या फडाचा एक खरा धागा आहे, तो येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. १९४३ च्या भीषण दुष्काळांत बंगालचीं लाखों माणसें अन्नावांचून मेलीं. त्याच वर्षीं मुंबईस 'इप्टा' या नांवानें ओळखली जाणारी लोकनाट्यसंस्था स्थापन झाली आणि देशोदेशींच्या लोककलावंतांना एक व्यासपीठ मिळालें. अण्णा भाऊ साठे यांनीं 'बंगालची हाक' हा पोवाडा त्या दुष्काळावरच रचला. तिकडे चितगांवचा कवियाल सांठेबाजाची बाजू आणि शेतकऱ्याची बाजू फडावर उभी करीत होता. इकडे मुंबईच्या गिरणगांवांत तीच हाक मराठींत उठत होती. अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचीं नांवें मराठी माणूस आदरानें घेतो, आणि तें उचितच आहे. त्यांच्या मागें ढोलकी कोणाच्या हातीं होती, हें आपल्यापैकीं किती जणांना सांगतां येईल?

आतां त्या पदकाविषयीं. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं बंगाली भाषेसाठीं ढाक्यांत जे तरुण गोळीबारांत पडले, त्यांच्या स्मरणार्थ १९७६ पासून 'एकुशे पदक' देण्यांत येतें. म्हणजे हें पदक मूळचें भाषेचें, शब्दाचें. ज्याच्या कलेंत एकहि शब्द नाहीं अशा माणसाच्या हातीं तें पडलें, यांत एक औचित्य आहे. कारण ज्या बंगाली भाषेसाठीं ते तरुण पडले, ती केवळ पुस्तकांतली भाषा नव्हती. फडावर, होडींत, जत्रेंत ती याच ठोक्यांवर वाढली होती. त्याच वर्षीं भाटी मुलखांतील लोककवि शाह अब्दुल करीम यांनाहि तें पदक मिळालें. पण यांत एक वैगुण्यहि आहे. पदक आलें तेव्हां विनयबांशी नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्याच वर्षीं ते गेले. आणि ज्यांच्या पाठीशीं ते उभे राहिले, त्या रमेश शील यांना तेंच पदक मरणोत्तर मिळालें तें २००२ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनीं. जन्मभर जो एक पाऊल मागें राहिला, त्याला हा मान तेवढा कवीच्या आधीं मिळाला! सरकारी दप्तरानें नकळत केलेला हा न्याय कोणा कादंबरीकारानें रचला असता तर आपण त्याला कृत्रिम म्हटलें असतें.

पण पदक म्हणजे स्मरण नव्हे. त्या समाजाची कथा आतां शब्दांत येऊं लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. अद्वैत मल्लवर्मन यांची 'तितास एकटि नदीर नाम' ही कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ मध्यें पुस्तकरूपानें निघाली. कोळ्यांच्या घरांत जन्मलेल्या माणसानें लिहिलेली कोळ्यांची ती कथा. चितगांवच्या जलदास समाजांतूनच आलेले हरिशंकर जलदास यांनीं 'जलपुत्र' लिहून तीच वाट पुढें नेली. एके काळीं ज्या आडनांवाला शाळेची पायरी चढणें कठीण होतें, तें आज ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलें जातें. तरी यांतहि विजय झाला तो शब्दाचाच. शब्द शिकून जो आपल्या पंगतींत आला त्याला आपण पाट दिला. जो शब्द न शिकतां, ढोल घेऊनच आला, त्याच्यासाठीं पाट मांडण्याची रीत आपल्याला अजून शिकावयाची आहे.

ती रीत काय असावी? मोठमोठे उपाय सुचविण्याचा मला अधिकार नाहीं. मी ढोलावर एक ठोका शुद्ध देऊं शकत नाहीं. परंतु आपण, जे लिहितों आणि वाचतों, त्यांच्यापुरत्या दोन गोष्टी सांगतां येतात. एक अगदीं सोपी आहे : नांव विचारावें. पत्रिका छापतांना, परीक्षण लिहितांना, 'साथीस ढोलकी' असें न लिहितां ढोलकी कोणाची हें लिहावें. दुसरी गोष्ट कठीण आहे. नांव लिहून थांबूं नये. त्यानें काय केलें हें पाहावें, आणि तें साध्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न करावा. कोठें त्यानें हात आंवरला, कोठें वेळ दिली, कोणत्या चरणाला उचललें, कोणाची चूक पोटांत घातली. हें लिहावयाचें तर आधीं ऐकावें लागेल; आणि आपल्या वाङ्मयीन टीकेला खरी गरज या ऐकण्याची आहे. नुसत्या गौरवानें ढुली पुन्हां मुका होतो. त्याच्या कामाची परीक्षा केली, प्रसंगीं त्यांतले दोषहि दाखविले, म्हणजेच आपण त्याला कलावंत मानलें असें होईल.

त्या पत्रिकेंतील ढोलकीवाल्याचें नांव मीं पुढें शाहिरांकडून विचारून घेतलें. ते जरा आश्चर्यानें माझ्याकडे पाहूं लागले. 'कां हो, कांहीं चुकलें का त्याचें?' असें त्यांनीं विचारलें. आमच्यासारखा मनुष्य ढोलकीवाल्याचें नांव विचारतो तें कांहीं चुकलें तरच, हा त्यांचा आजवरचा अनुभव असावा. मीं म्हटलें, 'त्याचें नाहीं, माझें चुकलें.' गोमदंडीच्या त्या कोळ्याविषयीं लिहितांना माझ्या मनांत दुसरें कांहीं नव्हतें.